नेवियाचा शाबूत कान

नेविया किंकेला दिवसा कवळ्या बनवायची. रियेका बंदरातले निम्मे म्हातारे तरी तिच्या हातच्या दातांनी चावत असत, आणि रविवारी दुपारी त्याच म्हाताऱ्यांची नातवंडं तिच्या हातच्या ठेक्यावर नाचत. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "दोन्हीकडं वरचं आणि खालचं नीट बसावं लागतं. नाही बसलं की माणसाला लगेच टोचतं, पण काय चुकलंय ते सांगता येत नाही."

ठेक्याचं वेड घरातूनच आलं होतं. तिचे वडील एर्मानो जहाजांच्या गोदीत वेल्डर होते. किनाऱ्यावरच्या रिवाजाप्रमाणे अख्खी गल्ली त्यांना बार्बा म्हणायची, आपण काका म्हणावं तसं. कार्निव्हलच्या दिवसांत बार्बा एर्मानो मेंढीचं कातडं पांघरून, कमरेला भलीमोठी घंटा बांधून, गावच्या घंटावाल्यांबरोबर डोंगरातल्या वस्त्यांतून फिरत. ती घंटा हाताने वाजवत नाहीत. चालता चालता कंबर अशी हिसडायची की ती आपोआप वाजली पाहिजे, आणि सगळ्यांची एकदम वाजली तरच त्यात गंमत. छोटी नेविया त्यांच्या मागून थंडीत नाक पुसत चालायची. "एर्मानो, तुझ्या पोरीचं पाऊल चुकत नाही रे," असं घंटावाले म्हणाले की बापाची मान ताठ व्हायची.

पुढे नव्वदच्या दशकात युद्ध आलं, युद्ध संपलं, पण बंद पडलेले कारखाने काही उघडले नाहीत. नदीकाठी जहाजांचे दोर वळायचा एक जुना कारखाना होता, तोही असाच धूळ खात पडला. दोर वळायला लांबी लागते, म्हणून त्याचं दालन बोगद्यासारखं लांबच लांब होतं. वाल्टर माव्रिनात्सचा मामा तिथे पहारेकरी होता. वाल्टर हा नेवियाचा शाळेपासूनचा मित्र. होड्यांच्या रंगाचं त्याच्या घरचं दुकान होतं, इंग्रजी फर्डं होतं, आणि माणसं गोळा करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने मामाकडून किल्ली मिळवली. दोघांची मैत्रीण लोरेदाना केस कापायचं काम करायची, तिने भित्तिपत्रकं रंगवली आणि दारावर उभी राहिली. नेवियाने बसने सीमेपलीकडं, इटलीतल्या त्रिएस्तला जाऊन जाऊन जमवलेल्या तबकड्या आणल्या. रविवारी दुपारी कॉफी झाल्यावर सुरू करायचं आणि रात्रीच्या जेवणाआधी संपवायचं, म्हणजे पोलीसही गप्प आणि आयाही गप्प. लोक त्या जागेला दोरखानाच म्हणू लागले.

टेक्नो, म्हणजे यंत्रावर बनवलेलं नाचाचं संगीत, वाजवणारे त्या काळी गावात आणखीही होते. पण नेवियाची तऱ्हा वेगळी होती. बाकीचे पाहुण्याला ताटावर ताट वाढावं तशा तबकड्या बदलत. नेविया एक लावायची, दुसरी तिच्याखालून हळूच सरकवायची, आणि दोन्ही अशा काही एकजीव ठेवायची की नाचणाऱ्याला कळायचंही नाही आपण कधी एका गाण्यातून दुसऱ्यात आलो. लोक डोळे मिटून नाचत. कित्येकांची लग्नं तिथे जमली. एका बाईला तर तिथेच कळा सुरू झाल्या आणि वाल्टरने रंगाच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात इस्त्रियाच्या किनाऱ्यावर एक महोत्सव झाला. नेवियाला वेळ मिळाली भर उन्हाची, जेव्हा समोर नाचायला कुणीच नसतं. तरी ती मन लावून वाजवत होती. छत्रीखाली एक उंच, पिंगट केसांची बाई शेवटपर्यंत बसून राहिली. ती रॉटरडॅमची हान्नेके टर्पस्ट्रा. कलाकार शोधून त्यांना उत्तरेकडच्या क्लबांत उभं करायचं, हा तिचा व्यवसाय. नेवियाला इटालियन यायचं, इंग्रजी तुटकतुटक. म्हणून वाल्टर मध्ये उभा राहिला.

"काय म्हणतेय?" नेविया.

"म्हणतेय, असं वाजवताना तिनं कुणाला ऐकलं नाही. हिवाळ्यात रॉटरडॅमला येशील का? मग लाइपझिग, मग आणखी कुठं कुठं. तुझं सगळं ती बघेल."

"येईन म्हणाव! अरे, बघतोस काय, सांग ना!"

वाल्टर हसला आणि त्याने सांगितलं. हान्नेकेने फोनचा नंबर मागितला. भित्तिपत्रकांवर छापलेला असायचा तोच त्याने दिला, रंगाच्या दुकानाचा.

नेविया घरी आली ती हवेत तरंगतच. बार्बा एर्मानोने मासळीबाजारात दर गाळ्याशी थांबून बातमी दिली. "आमची नेविया हॉलंडला चाललीय. हो, वाजवायला. नाही, दातांचं काही नाही." नेवियाने तबकड्यांसाठी कडक कडांची नवी पेटी घेतली, आणि रोज संध्याकाळी काम सुटलं की ती दुकानात डोकवायची.

"काही फोन?"

"नाही गं."

पानगळ संपली. बोरा सुटला, म्हणजे आमचा डोंगरावरून येणारा कोरडा, झोंबरा वारा. तरी फोन नाही.

"हे बाहेरचे लोक असेच," वाल्टर म्हणाला. "तोंडावर गोड बोलतात, विमानात बसले की विसरतात. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तिने मनाला लावून घेतलं नाही असं दाखवलं. पण आत काहीतरी मोडलं. ती ठरवून बसली की त्या बाईने घरी जाऊन शांतपणे विचार केला असणार आणि तिला उमगलं असणार की या दात बनवणाऱ्या बाईत विशेष काही नाही. पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मासळीबाजारात विचारणा व्हायची, "काय बार्बा, पोरगी हॉलंडहून आली का?" आणि एर्मानो मासे न घेताच परत यायचे. नेवियाने नवी पेटी पलंगाखाली ढकलली. नव्याने वाजवायला शिकणाऱ्या मुली तिच्याकडे सल्ला मागायला येत, तेव्हा ती म्हणे, "इथं वाजव, मजेत राहा. बाहेर कुणी आपली वाट बघत नाहीये." एकदोन गुणी मुलींनी तिचं ऐकलंही.

दोरखाना मात्र फुलत गेला. नगरपालिकेने छप्पर नवं करून दिलं. वाल्टर रेडिओवर बोलू लागला, अॅमस्टरडॅमच्या परिषदांना जाऊ लागला. येताना तो नेवियासाठी न चुकता चॉकलेट आणायचा. "तुला तिथल्या गर्दीचा वीटच आला असता," असंही सांगायचा.

दोन हजार बावीसच्या जूनमध्ये दोरखान्याचा मोठा वाढदिवस झाला. भित्तिपत्रकावर सगळ्यात वर नेवियाचं नाव होतं. त्या रविवारी तिने असं वाजवलं की जुने लोकही म्हणाले, ही पुन्हा पंचविशीत गेली. उतरून ती अंगणातल्या बाकावर घाम पुसत बसली होती, तोच एक उंच, पांढऱ्या केसांची बाई समोर येऊन उभी राहिली. त्सरेस बेटावर सुट्टीला आले होते, धक्क्यावर भित्तिपत्रक दिसलं आणि पुढच्याच बोटीने आले, असं ती म्हणाली. नेवियाचं इंग्रजी एव्हाना चांगलं झालं होतं.

"तुम्हाला मी आठवत नसेन. हान्नेके."

नेवियाने एवढंच म्हटलं, "आठवता."

"किती बरं वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं होतं, तुम्ही कायमचं सोडलंत. कसा आहे आता? ऑपरेशन करून घेतलंत का?"

"कसलं ऑपरेशन?"

"कानाचं."

आत कुणीतरी मोठा ठेका सोडला आणि पोरं ओरडली. नेवियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी तीनदा फोन केला होता," हान्नेके म्हणाली. "तुमच्या मित्रानं सांगितलं, एका कानानं ऐकू येईनासं झालंय, डॉक्टरांनी वाजवायची बंदी केलीय. विमानात तर बसूच नका म्हणालेत. त्याचा आवाज इतका भरून आला होता की मलाच रडू फुटलं. लाइपझिगचे लोक विचारायचे, बर्लिनचे विचारायचे. मी सगळ्यांना सांगितलं, त्या बिचारीचा कान गेला, तिला पुन्हा पुन्हा बोलावून त्रास देऊ नका."

"माझा कान गेला नव्हता," नेविया म्हणाली.

हान्नेकेने तिच्याकडे पाहिलं, मग दारात पाहुण्यांच्या गळ्यात गळा घालून उभ्या असलेल्या वाल्टरकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला. "अरे देवा," ती म्हणाली. "मीच ते सगळीकडं पसरवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेविया रंगाच्या दुकानात गेली. वाल्टर डबे मांडत होता.

"या बाईसाहेब! काल काय वाजवलंस, लोक अजून..."

"हान्नेके भेटली."

वाल्टरच्या हातातला डबा फळीवर गेला. कोण हान्नेके, असं त्याने विचारलं नाही. रात्रभर नेवियाच्या मनात एक वेडी आशा होती की त्या बाईचाच काही घोळ झाला असेल, दुसऱ्याच कुणाचा फोन असेल. ती तिथेच संपली.

"बस," तो म्हणाला.

"उभीच बरी आहे. माझा कान गेला म्हणून सांगितलंस?"

"नेवी, माझं ऐकून तर..."

"सांगितलंस का नाही?"

"सांगितलं." तो गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला. "अगं, आपल्यातले चांगले चांगले सगळे जात होते. कुणी डब्लिन, कुणी म्युनिक. गेलेलं कुणी परत आलंय का, सांग. मागं उरलं काय होतं? रविवारची दुपार आणि तू. तू गेली असतीस तर दोरखाना महिन्याभरात बंद पडला असता. ती एवढी पोरं कुठं गेली असती?"

"मग मला म्हणायचं होतंस, जाऊ नकोस."

"थांबली असतीस?"

"कदाचित थांबलेही असते, वाल्टर. तू नुसतं म्हणून तरी बघायचं होतंस."

बाहेरून मोटारसायकल गेली. वाल्टर नखाने गल्ल्यावरचा वाळलेला रंग खरवडत होता.

"कुठला?" नेवियाने विचारलं.

"काय कुठला?"

"कान. डावा की उजवा? कुठला गेला म्हणालास?"

त्याने कपाळ चोळलं. खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. "नाही आठवत गं," तो म्हणाला.

ती दाराकडे वळली, तेव्हा तो घाईघाईने उठला. "आणि हे मी एकट्यानं नाही ठरवलं. सगळं माझ्याच माथी मारू नकोस. लोरेदानाच्या स्वयंपाकघरात बसून ठरलं. सगळ्यांनी हात वर केले होते."

लोरेदानाचं केशकर्तनालय बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. वाल्टरचा फोन आधीच आला असावा, कारण नेविया आत शिरली तशी तिने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग फासलेला तसाच सोडून दिला.

"नेवी, आज नको. आज जुगो सुटलाय, माझं डोकं उठलंय. उद्या शांतपणे बोलू."

जुगो म्हणजे समुद्रावरून येणारा दमट वारा. तो सुटला की आमच्याकडे कुणी महत्त्वाचं काही ठरवत नाही, सगळी भांडणं त्याच्यावर ढकलतात.

"हात वर केलेत तेव्हा कुठला वारा होता?" नेविया म्हणाली.

खुर्चीतल्या बाईने आरशातून डोळे मोठे केले. लोरेदाना रडायला लागली. "आम्हाला तू हवी होतीस. यात काय पाप झालं? तू खूश होतीस की! दर रविवारी तुला बघत होते मी, हसत असायचीस."

"मी नालायक ठरले असं समजून हसत होते. तू माझे केस कापायचीस. दर महिन्याला माझं डोकं तुझ्या हातात असायचं. एकदा तरी कानाजवळ येऊन सांगायचंस."

"पोरगा लहान होता माझा, नवरा बोटीवर. तो रविवार नसता तर मी वेडी झाले असते."

"त्या संध्याकाळी काय केलं होतंस खायला?"

"कधी?"

"ठरवलंत तेव्हा."

लोरेदानाने हातमोजा काढून डोळे पुसले. "पॅनकेक. जर्दाळूचे."

नेवियाला आठवलं. पानगळीतला दिवस, दातांच्या प्रयोगशाळेत लोरेदाना झाकलेली ताटली घेऊन आली होती. काल जरा जास्तच झाले, तुझी आठवण आली म्हणून आणले, असं म्हणाली होती. नेवियाने ते सगळे खाल्ले होते. इतक्या मायेने कुणी केसाने गळा कापत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती दार उघडं टाकून बाहेर पडली.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती दोरखान्यात गेली आणि कपाटातल्या आपल्या तबकड्या उतरवू लागली. बार्बा एर्मानो ऐंशीच्या पुढचे, तरी शेजाऱ्याची तीनचाकी घेऊन आले होते. खोकी उचलायची त्यांच्यात ताकद नव्हती. ते एकेक तबकडी छातीशी धरून गाडीपर्यंत नेत. निम्मं झाल्यावर ते खोक्यावर बसले.

"पोरी, मलाही एक सांगायचंय."

"तुम्हालाही माहीत होतं?" नेवियाचा आवाज फाटला.

"नाही, नाही. देवाशपथ नाही. पण तेव्हा मला वाटलं होतं, तू वाढवून सांगितलंस. ती बाई नुसतं छान वाजवतेस म्हणाली असेल आणि तू त्याचं हॉलंड केलंस. मी बाजारातसुद्धा तसंच म्हणालो. पोरींच्या गप्पा म्हणालो."

नेविया त्यांच्याजवळ फरशीवर बसली. वाल्टरचा राग करायला तिच्यात जोर होता, लोरेदानाचाही. बापावर रागावणं मात्र तिला जमेना. थोड्या वेळाने तिने उठून पुढचं खोकं उचललं.

तिच्याशिवायचा पहिला रविवार आला. वाल्टरने सगळ्यांना सांगितलं होतं की नेवियाची तब्येत बरी नाही. ती तर्सातच्या टेकडीच्या पायऱ्या चढून नदीच्या वरच्या अंगाला जाऊन बसली. तिथून दोरखान्याचं नवं छप्पर दिसतं आणि वारा पडलेला असला की आवाजही येतो. तिला वाटलं होतं, आज खाली शांतता असेल. निदान काही अडखळेल, लोक लवकर निघतील, अंगणात कुजबुज होईल. ठरल्या वेळी ठेका सुरू झाला. कुणीतरी तरुण वाजवत होतं, जरा घाई करत होतं, पण वाईट नव्हतं. पोरांच्या आरोळ्या आल्या, शिट्ट्या आल्या. ऊन कलेपर्यंत ती तिथेच होती. काहीही बंद पडलं नाही. तिला गावात डांबून ठेवण्यासाठी जे कारण सांगितलं होतं, ते तिच्या डोळ्यांदेखत खाली मजेत नाचत होतं.

त्या दिवशी ती खूप रडली. फोन दाबून ठेवला हे कळलं तेव्हाही इतकी रडली नव्हती.

हान्नेकेने तो व्यवसाय केव्हाच सोडला होता, पण अपराधी मनाने तिने जुन्या ओळखी हलवल्या आणि हिवाळ्यात नेवियाला रॉटरडॅमला नेलं. कालव्याकाठचं छोटं सभागृह, शनिवारची दुपार, समोर बहुतेक पिकलेल्या केसांची माणसं. वाजवणं चांगलं झालं. उत्तम झालं असं नेविया स्वतः म्हणत नाही. तिथे सगळे एकमेकांना जन्माचे ओळखत होते. कुणाबरोबर कुठे अडकलो, कुणी कुणाच्या सोफ्यावर झोपलं, अशा आठवणी चालल्या होत्या, आणि त्यातल्या एकाही आठवणीत ती नव्हती. एका टकल्या, प्रेमळ माणसाने तिचा हात हातात घेऊन विचारलं, "कान बरा झाला म्हणायचा?"

"कधी बिघडलाच नव्हता."

तो मोठ्याने हसला. बाई विनोदी आहे, असं त्याला वाटलं.

परत आल्यावर तिने दोरखान्यात पाऊल टाकलं नाही. वाल्टर आणि लोरेदाना दिसले की ती रस्ता बदलत नसे, मानही वळवत नसे. डोळ्यांसमोर दुकानाची पाटी असावी तशी त्यांच्याकडे पाहून पुढे जायची. मध्यस्थ आले, "इतक्या वर्षांची मैत्री" म्हणाले. "होय, आणि त्यातली वीस वर्षं खोटी," एवढंच ती म्हणाली. आपण ज्या मुलींना इथेच राहा म्हणून सांगितलं होतं त्यातल्या एकीला मात्र तिने शोधून काढलं. ती आता बेकरीत होती, दोन मुलांची आई. नेवियाने झालं ते सगळं तिला सांगितलं आणि तिची माफी मागितली. ती मुलगी म्हणाली, "असू दे हो ताई," आणि पावाची पिशवी बांधू लागली.

आता नेविया महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, त्रिएस्तला वाजवते. समुद्रस्नानाच्या जुन्या जागेला लागून एक खानावळ आहे, तिथे. पन्नास माणसं आली तर दाटी होते. रियेकाहूनही काही जण बसने येतात. तिने कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला अडवलंही नाही.

एका वसंतात वाल्टर आला. मागच्या खांबाशी उभा राहून, खांदे आखडून, पूर्वीसारखाच वेडावाकडा नाचत राहिला. नेवियाला तो दिसला आणि तिने ठेका सोडला नाही. मग तो वाट काढत पुढे आला आणि पाण्याचा ग्लास तबकड्यांच्या शेजारी ठेवला. दोरखान्यात इतकी वर्षं दर रविवारी तोच ठेवायचा.

"नेवी," तो वाकून म्हणाला. "दोरखाना तुझाच आहे. कधीही ये. सगळे विचारतात."

"वाल्टर, मी वाजवतेय."

तो तिथेच घुटमळत राहिला. तिने हेडफोन दोन्ही कानांवर ओढून घेतले, मान खाली घातली आणि पुढची तबकडी हळूहळू पहिलीच्या खाली आणू लागली. त्या कामाला भरपूर वेळ लागला, लागणारच होता. दोन्ही नीट बसल्याची खात्री पटल्यावर तिने मान वर केली, तेव्हा वाल्टर गेलेला होता. समोर घामाने निथळणारी एक मुलगी उभी होती आणि ग्लासाकडे बोट दाखवत होती.

"हे पाणी घेऊ का?"

"घे," नेविया म्हणाली.